चिंचोके, हिरे आणि रुपये

सिन्नर तालुक्यातील शिक्षकांच्या एका विज्ञान कार्यशाळेत मुलांच्या प्रश्नांची पेटी ठेवली होती. ग्रहण, साप, वीज, भूत असे नेहमीचे प्रश्न त्यात होतेच. सातवीतल्या एका मुलाने मात्र लिहिले होते, "गेममधले हिरे घ्यायला रुपयेच द्यावे लागतात. मग गेममध्ये सरळ रुपयेच का चालत नाहीत?" हा प्रश्न विज्ञानाचा नाही, असे म्हणून कोणीतरी ती चिठ्ठी बाजूला काढून ठेवली होती. आमच्या मते त्या पेटीतला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. त्याच्या उत्तरात पाचवी-सातवीचे गणित आहे, मानसशास्त्रातले काही सुंदर प्रयोग आहेत, आणि देशाचा एक नवा कायदाही आहे. शिवाय ज्या घरांत महिन्याची मिळकत मोजून-मापून खर्च होते, तिथे या प्रश्नाचे उत्तर मुलाला माहीत असणे किंवा नसणे यात बराच फरक पडतो.

उत्तराची सुरुवात चिंचोक्यांपासून करू.

उन्हाळ्याच्या सुटीत ओसरीवर पत्त्यांचा डाव मांडून बसलेल्या मुलांना घरातली मोठी माणसे सहसा हटकत नाहीत, कारण डाव चिंचोक्यांवर चाललेला असतो. त्याच डावात रुपया-दोन रुपयांची नाणी आली, की आजोबा चष्मा वर करून पाहतात आणि डाव मोडतो. पत्ते तेच, मुले तीच, नियमही तेच. मग बदलले काय? चिंचोके हरले तर कोणाचे काही जात नाही, म्हणून भित्रे मूलही मोठी बोली लावून पाहते. सुरुवातीला सर्वांना सारखे वाटून दिलेले असतात, म्हणून कोणाच्या वडिलांचे दुकान आहे आणि कोणाची आई मजुरीला जाते, हे डावात उतरत नाही. आणि डाव संपला की सगळे चिंचोके पुन्हा डब्यात जातात. खेळातले चलन खोटे असते ते याचसाठी: खेळापुरते एक वेगळे जग उभे राहावे, आणि त्या जगातल्या हार-जितीचा बाहेरच्या जगाला उपद्रव होऊ नये.

कवडीचा प्रवास तर फारच गमतीचा आहे. मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी भारतात कित्येक शतके खरे चलन होती. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे शब्द त्या काळाचे. पुढे ती बाजारातून उठली आणि सारीपाटावर दान टाकण्यापुरती उरली. म्हणजे खऱ्या पैशाचे खेळातले साधन झाले. आज मोबाइलवर नेमके उलटे घडते आहे. खेळातली वस्तू खऱ्या पैशाने विकत मिळू लागली आहे.

दोन्हींच्या मधला टप्पा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अनुभवलेला आहे. तो म्हणजे 'व्यापार' हा पटावरचा खेळ. मूळ अमेरिकन खेळाची ही देशी आवृत्ती. त्यात रंगीत कागदी नोटा असत आणि एक मूल 'बँक' होई. पटाला एक फेरी पूर्ण केली की बँक पैसे देई. शिक्षकांनी हा खेळ पुन्हा एकदा मांडून पाहावा आणि एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. फेऱ्या वाढतात तशा मुलांच्या हातातल्या नोटा वाढतात, पटावरची गावे मात्र तेवढीच राहतात. शेवटी शेवटी एखाद्या गावासाठी मुले एकमेकांना छापील किमतीच्या कितीतरी पट रक्कम देऊ करतात. याला चलनफुगवटा म्हणतात, आणि खेळ तयार करणाऱ्यांची मोठी डोकेदुखी हीच असते.

हौद, नळ आणि मोरी

अंकगणिताच्या जुन्या पुस्तकांत हौदाचे उदाहरण हमखास असे: एका नळाने हौद अमुक तासांत भरतो, मोरीने तमुक तासांत रिकामा होतो, दोन्ही एकदम उघडले तर काय होईल? व्हिडिओ गेममधील अर्थव्यवस्था म्हणजे हेच उदाहरण. राक्षस मारला, नाणी मिळाली. रोज हजेरी लावली, नाणी मिळाली: हे नळ. तलवारीची दुरुस्ती, स्पर्धेची प्रवेश फी, वस्तू विकताना कापला जाणारा कर: या मोऱ्या. नळ मोठा आणि मोरी लहान झाली, की हौद भरून वाहतो. प्रत्येकाकडे लाखो नाणी साचतात, वस्तूंचे भाव चढतात, आणि नव्याने आलेल्या खेळाडूला साधी ढालही परवडत नाही. मोरी मोठी झाली तर सगळेच कंगाल होतात आणि खेळ सोडून जातात.

देशाच्या चलनावर असे नियंत्रण ठेवण्याचे काम रिझर्व्ह बँक करते. सिन्नरहून पंचवीस-एक किलोमीटरवर नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. त्या परिसरातल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. खेळातला फरक असा, की तिथे छापखाना, रिझर्व्ह बँक, सरकार आणि बाजारपेठ हे सगळे एकच कंपनी असते. कोणता नळ किती सोडायचा, हे ती एका रात्रीत बदलू शकते. आता कल्पना करा, की हौदात खरे रुपये आहेत. खेळायला रोज एक लाख मुले येतात आणि प्रत्येकाला हजेरीची ५० नाणी मिळतात. नाणी काल्पनिक असतील तर कंपनीला काहीच खर्च नाही. संगणकाच्या स्मृतीतला एक आकडा वाढला, एवढेच. तेच रुपये असतील, तर रोज पन्नास लाख रुपये खिशातून जातील. म्हणजे उदारपणे नाणी उधळण्याची जी गंमत खेळात असते, ती खऱ्या चलनात परवडणारीच नाही.

नळाच्या तोटीत बिघाड झाला तर काय होते, याची एक जुनी हकीकत आहे. लुकासफिल्म या अमेरिकन कंपनीने १९८६ च्या सुमारास 'हॅबिटॅट' नावाचे एक खेळजग सुरू केले. दूरध्वनीच्या तारांनी जोडलेल्या घरगुती संगणकांवर अनेक माणसे एकाच वेळी त्यात वावरत, आणि तिथले चलन होते 'टोकन'. सुरुवातीला प्रत्येकाला २,००० टोकन मिळत. वस्तू विकणारी यंत्रे होती, तशीच वस्तू विकत घेणारीही होती. एके ठिकाणी एक यंत्र बाहुली ७५ टोकनला विकत होते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र तीच बाहुली १०० टोकनला घेत होते. दुसऱ्या एका ठिकाणी स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि ३०,००० ला खपे. काही चाणाक्ष खेळाडूंनी आधी रात्रभर बाहुल्या वाहिल्या, पुरेसे भांडवल जमताच गोळे वाहायला घेतले. सकाळी चालकांनी पाहिले तेव्हा त्या जगातले एकूण चलन रातोरात पाचपट झालेले होते! बाहुलीच्या एका खेपेत किती टक्के नफा आणि गोळ्याच्या एका खेपेत किती, हे मुलांकडून काढून घेता येईल. बाहुलीवरून गोळ्याकडे वळण्यात त्या खेळाडूंचा काय हिशेब होता, हेही त्यांना विचारावे. टोकन काल्पनिक होते म्हणून या प्रकाराने कोणाचे दिवाळे निघाले नाही. तेच डॉलर असते तर?

पुढे ही खेळजगे इतकी वाढली, की आइसलंडमधील एका कंपनीने २००७ साली आपल्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळासाठी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला.

खरा पैसा आत सोडला तर काय होते, याचाही मोठा प्रयोग झालेला आहे. 'डायब्लो ३' या प्रसिद्ध खेळात २०१२ मध्ये कंपनीने एक लिलावघर उघडले. खेळाडूंनी मिळवलेली शस्त्रे आणि चिलखते तिथे खऱ्या पैशाने विकता-घेता येत. वरवर पाहता सर्वांचाच फायदा होता. पण राक्षस मारून दुर्मिळ तलवार मिळवणे हाच तर त्या खेळाचा गाभा होता. ती तलवार बाजारात मिळते म्हटल्यावर राक्षस मारायचे कशाला? कंपनीने स्वतःच हे मान्य केले आणि १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद केले. आमच्या मते ही हकीकत फार बोलकी आहे. चिंचोक्यांच्या डावात नाणी आल्यावर आजोबांना जे खटकते, तेच इथे एका बलाढ्य कंपनीला दोन वर्षांच्या अनुभवाने पटले.

इथवर काल्पनिक चलनाची बाजू चांगलीच आहे. आणखी एक साधी सोयही आहे. खेळ जगभर विकला जातो. प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत, डॉलरमध्ये, येनमध्ये लिहीत बसण्यापेक्षा सगळीकडे '३२० हिरे' लिहिणे सोपे, आणि दोन-तीन रुपयांच्या प्रत्येक खरेदीसाठी बँकेकडे जावे लागत नाही. पण सातवीतल्या त्या मुलाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. त्याला फुकट मिळणाऱ्या नाण्यांबद्दल विचारायचे नव्हते. हिरे घ्यायला रुपये लागतात, तरी ते रुपये का नाहीत, असे त्याने विचारले होते.

सराफाचे दुकान

आजच्या बऱ्याच खेळांत दोन चलने असतात. एक सोन्याची नाणी, जी खेळून भरपूर मिळतात. आकडे हजारांत, लाखांत जातात आणि मुलाला आपण श्रीमंत झाल्यासारखे वाटते. दुसरे चलन हिरे, रत्ने अशा नावांचे. ते खेळून अगदी थोडे मिळते, पण रुपये देऊन हवे तेवढे मिळते. हवीहवीशी वस्तू नेमकी या दुसऱ्या चलनात विकायला असते. म्हणजे खेळाच्या दाराशी एक सराफाचे दुकान आहे: रुपये द्या, हिरे घ्या.

सराफ हा आपल्याकडे नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रात अनेक प्रकारचे रुपये चालत. नाशिक जिल्ह्यातच चांदवडला होळकरांच्या काळात टांकसाळ होती आणि तिचा चांदवडी रुपया प्रसिद्ध होता. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ तो वाजवून, तोलून पाही आणि बट्टा कापून घेई. कंपनी सरकारने १८३५ साली एकच रुपया चालू केला आणि हळूहळू हा घोळ संपत गेला. पण त्या काळच्या बट्ट्याला चांदीचा आधार होता. ज्या यादवांच्या काळात सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर उभे राहिले, त्यांचे कमळाच्या चिन्हाचे सोन्याचे नाणे, पद्मटंक, यादवांचे राज्य गेल्यावरही सोन्याच्या भावाने विकता आले असते. खेळातला हिरा तसा नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते, की हे चलन तुमच्या मालकीचे नाही. ते वापरण्याची फक्त परवानगी दिलेली आहे. खेळ बंद पडला की हिऱ्यांचे तेज त्याच क्षणी संपते.

आता या दुकानातला हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. आकडे आमचे आहेत, पद्धत सर्रास आढळणारी आहे. समजा, १०० हिऱ्यांची पिशवी ९० रुपयांना आणि २५० हिऱ्यांची पिशवी २१० रुपयांना मिळते. सुटे हिरे मिळत नाहीत. मुलाला हवा असलेला योद्ध्याचा पोशाख ३२० हिऱ्यांचा आहे. त्याची किंमत किती रुपये?

लहान पिशवीच्या दराने एक हिरा ९० पैशांचा, म्हणून २८८ रुपये. मोठ्या पिशवीच्या दराने एक हिरा ८४ पैशांचा, म्हणून २६८ रुपये ८० पैसे. पण या दोन्ही किमती देताच येत नाहीत, कारण ३२० हिरे कोणी विकत नाही. चार लहान पिशव्यांना ३६० रुपये पडतात, दोन मोठ्यांना ४२०, आणि एक मोठी व एक लहान घेतली तर ३००. सर्वांत कमी म्हणजे ३०० रुपये घरातून जातात आणि ३० हिरे शिल्लक राहतात. या शिल्लक हिऱ्यांची किंमत सुमारे २६ रुपये, आणि तेवढ्यात काहीच येत नाही. मग १२० हिऱ्यांची टोपी दिसते. '३० आहेतच, आता फक्त ९० हवेत' असे मुलाला वाटते. पण मिळते ती १०० ची पिशवी. आणखी ९० रुपये जातात आणि १० हिरे उरतात.

काहीतरी उरावेच, अशा बेताने पिशव्यांची मापे आणि वस्तूंच्या किमती ठरवता येतात. जमलेले वाया जाऊ नये ही आपल्या घरांतली चांगली सवय. तीच इथे मुलाला पुन्हा दुकानापाशी घेऊन येते. हे आम्हाला सर्वांत खटकते. मायक्रोसॉफ्टच्या खेळयंत्रावर अनेक वर्षे असेच 'पॉइंट' चालत, एका डॉलरला ८० पॉइंट या दराने. ८० ने भागण्याचे गणित तोंडी किती जणांना जमते? त्या कंपनीने २०१३ साली पॉइंट बंद करून किमती ज्या त्या देशाच्या चलनात लिहायला सुरुवात केली. तसे केल्याने काही आकाश कोसळले नाही, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

चिन्ह दूर गेले की चटका कमी

हिशेब अवघड होतो हे खरे. पण एवढ्यानेच माणूस जास्त खर्च का करील? इथे एक वेगळाच प्रयोग आठवतो. सेरा बॉयसेन या अमेरिकन संशोधिकेने अंक ओळखायला शिकवलेल्या चिंपांझींसमोर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत गोळ्या कमी, दुसरीत जास्त. नियम असा, की चिंपांझी जिच्याकडे बोट दाखवील ती ताटली दुसऱ्याला मिळणार आणि उरलेली त्याला स्वतःला. म्हणजे शहाणपण कमी गोळ्यांच्या ताटलीकडे बोट दाखवण्यात होते. चिंपांझींना ते जमेना. पुन्हा पुन्हा तोटा होऊनही बोट मोठ्या ढिगाकडेच जाई. मग गोळ्यांऐवजी ताटल्यांत नुसते अंक लिहिलेल्या चकत्या ठेवल्या. आता तेच चिंपांझी लहान अंकाकडे बोट दाखवून मोठा वाटा पदरात पाडून घेऊ लागले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ असा, की खरी वस्तू डोळ्यांसमोर असली की मनाची ओढ अनावर होते; तिच्या जागी चिन्ह आले की ओढ ओसरते आणि हिशेब चालू होतो.

चिन्हामुळे ओढ कमी होते, तसा चटकाही कमी होतो. खिशातून शंभराची नोट काढून देताना मनाला जे किंचित लागते, त्याला संशोधक 'पैसे देण्याची वेदना' म्हणतात. ब्रायन नटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये खरेदी करणाऱ्या माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. वस्तूची किंमत अवाजवी वाटली तर इन्सुला हा भाग अधिक क्रियाशील होतो, आणि अशा वेळी माणूस ती वस्तू सहसा घेत नाही, असे त्यांना आढळले. अप्रिय अनुभवांच्या वेळी मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यांपैकी हा एक. ही टोचणी म्हणजे निसर्गाने दिलेला लगामच आहे. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली दाखवले, की रोख रकमेऐवजी क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे असले तर माणसे त्याच वस्तूसाठी अधिक किंमत मोजायला तयार होतात, काही वेळा दुपटीपर्यंत. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००८ मधील आपल्या निबंधाच्या नावातच खेळातल्या खोट्या नोटांचा उल्लेख केला आहे. रोख पैशाऐवजी भेटपत्र किंवा कार्ड हातात असले की खर्च करताना हात सैल सुटतो, आणि खर्चाचा तपशील समोर मांडला की हा फरक कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच दोघांनी २००२ मध्ये परकी चलनाविषयी आणखी एक गोष्ट दाखवली होती. किमतीचा आकडा आपल्या चलनातल्या आकड्यापेक्षा लहान असला की वस्तू स्वस्त वाटते. मनातल्या मनात विनिमय दर लावला तरी छापील आकड्याची छाप पूर्ण पुसली जात नाही.

एक सावधगिरी बाळगू. हे प्रयोग मोठ्या माणसांवर, बहुतेक परदेशात झाले आहेत, आणि प्रयोगशाळेतल्या खरेदीत व मुलाच्या हातातल्या मोबाइलमध्ये अंतर आहे. तरी दिशा स्पष्ट आहे. रुपये देऊन हिरे घेतले जातात त्या क्षणी जो चटका बसायचा तो बसतो. पण तो एकदाच, आणि तोही बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या खात्याला. त्यानंतर तलवार, टोपी, पोशाख घेताना मूल रुपये खर्च करतच नाही. ते हिरे खर्च करते, आणि हिरे तर आधीच आपले झालेले असतात.

एकाच बाजूने उघडणारे दार

शेवटचे कारण कायद्याचे आहे. ते थोडक्यात सांगतो, पण वजनाने ते सर्वांत भारी आहे.

पणजीला मांडवी नदीतील कॅसिनोच्या जहाजांवरही प्लास्टिकच्या चकत्यांनीच खेळतात. पैशाऐवजी चकत्या वापरण्यात तिथेही हात सैल सोडण्याचा हेतू असतो. पण त्या चकत्या खेळ संपल्यावर खिडकीवर देऊन पैसे परत मिळतात. दार दोन्ही बाजूंनी उघडते. म्हणूनच तो जुगार, आणि त्यासाठी सरकारचा परवाना लागतो. लुडो किंगसारख्या खेळात, जो नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला, नाणी जिंकता येतात, विकतही घेता येतात. पण जिंकलेल्या नाण्यांचे रुपये करून घेता येत नाहीत. पैसा आत जातो, बाहेर येत नाही. पैसे परत मिळण्याची आशाच नसली, तर पैज लावली असे म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियमही याला जुळणारे आहेत. एखाद्या संस्थेने फक्त स्वतःच्याच वस्तू घेण्यासाठी दिलेले आणि रोख परत न करता येणारे कूपन किंवा शिल्लक, हे त्या नियमांच्या भाषेत बंदिस्त साधन. त्यासाठी बँकेची मान्यता घ्यावी लागत नाही. आत थेट रुपये ठेवले आणि ते काढूही दिले, तर कंपनीला कायद्याच्या अनेक पायऱ्या चढाव्या लागतील.

जुगार कोणता आणि खेळ कोणता, हा वाद आपल्याकडे जुना आहे. मुंबई प्रांताचा जुगारविरोधी कायदा १८८७ चा. शब्दकोड्यांच्या बक्षीसयोजनांवरून मुंबई राज्यात उद्भवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. नशिबावर चालणाऱ्या स्पर्धा म्हणजे जुगार, त्यांना व्यापाराचे संरक्षण नाही, असा निकाल १९५७ मध्ये लागला. १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्या कंपन्या पुढे कित्येक वर्षे याच निकालाचा आधार घेत राहिल्या. मोबाइलवरच्या रमीमुळे सिन्नरचे नाव जुलै २०२५ मध्ये राज्यभर कसे चर्चेत आले, हे वाचकांना आठवत असेल. तिथल्या लोकप्रतिनिधींनी आपण खेळत नव्हतो असे सांगितले. तो वाद राजकारणाचा आहे, इथे त्यात पडण्याचे कारण नाही.

त्यानंतर महिन्याभरातच संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे किंवा पैशासारखे काही लावून बदल्यात पैशाचा लाभ होण्याची आशा असलेले ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवण्यास या कायद्याने मनाई केली. अनेक कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक व्याख्या फार महत्त्वाची आहे. पैसे देऊन घेतलेली आणि पैशाच्या तोडीची मानली जाणारी किंवा पैशात बदलता येणारी नाणी, टोकन, गुण यांनाही कायदा 'लावलेली रक्कम' समजतो, त्यांना नाव कोणतेही दिलेले असो. चिंचोका म्हटले म्हणून तो चिंचोका ठरत नाही. त्याचे रुपये होतात की नाही, हे पाहिले जाते.

पण एकाच बाजूने उघडणाऱ्या दाराचे काय? मूल ज्यात काही जिंकून परत आणू शकत नाही, फक्त घालवू शकते, तो व्यवहार या व्याख्येत सहसा येत नाही. बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या जुगार आयोगाने निदान एका प्रकाराला जुगार ठरवले: पैसे देऊन घेतलेली बंद पेटी, जिच्यातून काय निघेल ते नशिबावर. युरोपीय संघातील ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये अशी तत्त्वे जाहीर केली, की खेळातल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दाखवावी आणि ग्राहकाला नको तेवढे खेळचलन घ्यायला भाग पाडू नये. वरच्या पोशाखाखाली '३२० हिरे' यासोबत '३०० रुपये' असे लिहिलेले असते, तर आपला निम्मा लेख लिहावाच लागला नसता.

तोवर हे लिहिण्याचे काम वर्गात करता येईल. मुलांना एक कोष्टक आखायला सांगावे: वस्तू, हिरे, घरातून गेलेले रुपये, शिल्लक हिरे. आकडे मुलांनी आपल्या माहितीतल्या खेळांमधून आणावेत. कोणी किती खर्च केला हे मात्र विचारू नये. वर्गात नावे निघाली की पुढच्या वेळी खरे आकडे येत नाहीत. यात आणखी एक रकाना घालता येतो, आणि सिन्नरमध्ये तो फार सोपा आहे. विडी कामगारांचे गाव म्हणून सिन्नरची ओळख जुनी आहे, आणि विड्या वळण्याची मजुरी हजारावर मिळते. आजचा दर मुलांना घरी किंवा शेजारी विचारून आणता येईल. इतर गावांत कांदा निंदण्याचा किंवा द्राक्षे काढण्याचा रोज चालेल. मग ३०० रुपयांपुढे मुले दोन आकडे काढतील: किती विड्या, आणि त्या वळायला किती तास. टोपीच्या ९० रुपयांपुढेही तसेच. शेवटी उरलेल्या १० हिऱ्यांच्या रांगेत विड्यांच्या रकान्यात काय लिहायचे, यावर मुलांचे एकमत होणार नाही. तो वाद तासाच्या वेळेत संपला नाही तरी चालेल.